नखभर चुना

चौतीस सालच्या उन्हाळ्यात इगतपुरीजवळच्या एका खेड्यात मेलेला बहिरू भरदुपारी उंबराखाली दिसायचा आणि शेतात भाकरी घेऊन निघालेल्या शेजारच्या बयाबाईकडे तंबाखू मागायचा. गावाची भीतीनं गाळण उडायची, पण त्याची बायको कुसाबाई नुसती जळफळत होती. “जन्मभर तंबाखू मळून दिली मी, अन् मेल्यावर भेटायचं हिला!” कुंपणावर वाळणारं बयाबाईचं हिरवं लुगडं तिनं लांबवलं, ते नेसून नाकापर्यंत पदर ओढला आणि तंबाखूची चंची घेऊन उंबराखाली बसली. पदराखालून उलटी पावलं दिसली. येताहेत की चाललीत, कळेना. “बयाबाई, चिमूटभर दे की.” कुसाबाईनं मुकाट्यानं मळून दिली. भूत पचकन थुंकलं. “कुसे! चुना अजून जास्तच घालती का?” “मंग जावा की तिच्याकडंच!” कुसाबाई फणकारली. दुसऱ्या दुपारी मात्र ती स्वतःच्या लुगड्यात तिथंच बसली, नखाच्या टोकापुरताच चुना घेऊन.