आई म्हणेपर्यंत

"पोटावर हात ठेव. डोळे मीट. आता भाकरी फुगव बघू," श्यामलाबाई म्हणाल्या.

चाळिशीला टेकलेल्या त्यांच्या लेकाने, श्रेयसने, पोटावर हात ठेवला खरा, पण बोटं थरथरत होती. बुद्धी पाच-सहा वर्षांच्या पोराएवढी आणि ताकद पैलवानाची. घाबरला की स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटायचा. शाहूपुरीतल्या विशेष मुलांच्या वर्गात तिथल्या ताईंनी श्वास भरून पोटाची भाकरी फुगवायचा हा उपाय शिकवला, तेव्हा कुठे घराला जरा उसंत मिळाली.

त्याला बाईंनी घरचा एक नियम जोडला होता. आई 'उघड' म्हणेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. नाहीतर हा लबाड दर श्वासाला एक डोळा किलकिला करून बघायचा. पण एकदा नियम कळल्यावर पठ्ठ्या शब्दाचा पक्का! मध्येच बाई दारात शेजारणीशी बोलत राहिल्या, तर परत येईपर्यंत हा तसाच बसलेला.

कळंब्याच्या पुढच्या, अशांसाठीच्या या वसतिगृहात आज त्याचा पहिला दिवस होता. उद्या बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन. नातलग पुष्कळ, पण याला ठेवून घ्यायला एकही तयार नव्हता.

श्वास लांबला. बोटं शांत झाली. तिथे काम करणारी क्रांती हळूच बाईंच्या कानाशी आली.

"काकू, आत्ताच निघा. जाताना बघितलं तर लई आकांत करंल."

"त्याला सांगून तरी..."

"सांगून कुठल्या आईला जाता येतंय व्हय? निघा तुम्ही."

बाई चोरासारख्या उठल्या. चपला हातात घेऊन फाटकाबाहेर आल्या. मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर पाऊल उचललं नसतं.

रिक्षा कळंब्याच्या तळ्यापाशी आली आणि त्यांना एकदम आठवलं. 'उघड' म्हणायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी घाईघाईने क्रांतीला फोन लावला.

"श्रेयस काय करतोय गं?"

"काय बी काळजी करू नगासा. लई गुणाचं हाय तुमचं पोरगं. रडणं न्हाय, वरडणं न्हाय. चहाला हाक मारली तरी डोळं मिटून गप बसलंय."

"त्याच्या कानाला फोन लाव. एकच शब्द सांगायचाय."

"आई हाय बघ," असं क्रांती त्याला म्हणाली, फोनवर जरा खुडबुड झाली. मग तो ओळखीचा, संथ श्वास ऐकू आला.

"आई, फुगली भाकरी. उघडू?"

बाईंच्या ओठांवर शब्द आला आणि तिथेच अडला. डोळे उघडले तर समोर कोण दिसणार होतं त्याला? त्यांनी पदराचा बोळा तोंडावर दाबला. रिक्षा दवाखान्याच्या दिशेने चाललीच होती.

"आई? उघडू की?"

"थांब राजा," बाई म्हणाल्या. "अजून एकदा फुगव."