तुळईचा बाक

गोठ्याच्या छपरावर कमरेएवढा बर्फ आणि खाली माझ्या अकरा गाई. ट्रोंडहाइमला शिकलेले दोन दीडशहाणे, माझा मुलगा हाल्वोर आणि जावई अस्लाक, कॉम्प्युटरवर छपराच्या तुळईचे बारीक तुकडे पाडून, एक त्रिकोणी तर दुसरा चौकोनी, ती किती वाकली असेल ते काढत बसले होते.

"माझ्या चौकोनांनी चौतीस मिलिमीटर," अस्लाक म्हणाला. "तुझे त्रिकोण तुझ्यासारखेच ताठ, वाकायचं नाव नाही."

"एकतीसच! तुला बहीण दिली, तिथेच आमचं गणित चुकलं," हाल्वोर ओरडला.

मी गाई बाहेर काढल्या, तुळईखाली दोरी ताणून पट्टी लावली आणि घरात येऊन सांगितलं, "नव्वद."



दहा वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं, "म्हातारीचं मोजणं चुकलं."