शिक्क्याची बॅग

एन्दांगने कपाटाचे कुलूप काढले, दोन्ही दारे भिंतीला टेकेपर्यंत उघडली आणि ओठांतल्या ओठांत म्हटले, "अनलॉक." मग पडद्याची नाडी सोडत, "अनटाय."

आतल्या खोलीत तिची धाकटी बहीण लासमी पहाटेपासून कळा सोशीत होती. सूर्य माथ्यावरून ढळला आणि कळाही मंदावल्या. अशा वेळी घरात काही बंद, काही बांधलेले राहता कामा नये, ही त्या जावानी गावाची रीत. बाहेर जे अडून असते ते आतही अडवते, अशी श्रद्धा. म्हणून त्या दोघींची आई तुमिरा घरभर फिरत होती. तांदळाच्या रांजणावरचे झाकण, शिवणयंत्राचे खण, शेळीचे दावे, सारे तिने मोकळे केले होते. तिचा स्वतःचा अंबाडाही सुटून पाठीवर आला होता.

"काय गं पुटपुटतेस? कुणावर मंत्र टाकतेस?"

"इंग्रजी आहे, आई. तिकडे कामाला गेले की सिंगापूरच्या आजीबाईंचं सगळं मलाच करायचंय ना. त्यांची बटणं काढायची तर अनबटन, पिशवीची चेन उघडायची तर अनझिप. दोरीचं निराळं, कुलपाचं निराळं."

"अगंबाई. आपलं एका 'उघड'मध्ये भागतं की." तुमिराने साखरेच्या डब्याचे झाकण काढून बाजूला ठेवले. "म्हातारीच्या घरी कुलपंच फार दिसतायत."

दवाखान्यातून आलेली सुईणबाई हात पुशीत बाहेर आली. "बाळ सरळ आहे, ठोकेही चांगले आहेत. पण तासाभरात पुढे सरकलं नाही, तर मी गाडी बोलावणार. घाट उतरायचाय, म्हणून आत्ताच सांगून ठेवते." ओसरीवर लासमीचा नवरा पोनिमान सदऱ्याची झाडून सारी बटणे काढून बसला होता. त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "कमरेचं सारोंग तेवढं राहू द्या हो. शेजारीपाजारी बसलेत."

पोनिमान हसला, आणि पुन्हा आतल्या दाराकडे पाहू लागला.

घरात आता एकच गोष्ट बंद उरली होती. दारापाशी एन्दांगची बॅग उभी होती. परदेशी कामाला पाठवणाऱ्या प्रशिक्षण केंद्राने आतली प्रत्येक वस्तू तपासून पट्ट्याच्या बक्कलावर तार ओवली होती आणि तारेवर शिशाचा शिक्का दाबला होता. उद्या पहाटे तिला न्यायला केंद्राची गाडी यायची होती. शिक्का तुटला की फेरतपासणी. फेरतपासणी म्हणजे पुढची तुकडी. ती केव्हा निघेल, हे कोणी सांगत नसे, आणि सिंगापूरच्या आजीबाई तोवर थांबणार नव्हत्या. त्या जागेसाठी एन्दांग वर्षभर झटली होती.

तिची दृष्टी बॅगेवर स्थिरावली, हे तुमिराने पाहिले.

"ती यात धरायची नाही," तुमिरा म्हणाली. "ती काय घरातली वस्तू आहे? उद्या जायचीय ती."

"आज तर घरातच आहे."

"एन्दांग, तिला हात लावू नकोस. सांगून ठेवते."

आतून लासमीचा क्षीण स्वर आला. "ताई, आता नाही गं होत माझ्याच्यानं."

कुलपांनी मूल अडत नाही, हे एन्दांगला ठाऊक होते. केंद्रात तिने शरीराचे शास्त्रही शिकून घेतले होते. तरी ती उठली. शिवणयंत्राच्या उघड्या खणातली कात्री घेऊन ती बॅगेपुढे बसली आणि तिने तार तोडली. बक्कल सोडले, पट्टा दूर सारला, चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. या वेळी तिच्या ओठांवर कोणताही शब्द आला नाही.

मशिदीत तिसऱ्या प्रहराची बांग होत असताना लासमी मोकळी झाली. मुलगी.

"कळा अशा थांबतात आणि पुन्हा जोर धरतात, त्यात नवल नाही," सुईणबाई दारात येऊन म्हणाली. तिचे लक्ष बॅगेकडे गेले. "पण ही उघडलीत ते बरं झालं. तो वरचा नवा टॉवेल द्या इकडे."

परदेशी नेण्यासाठी घेतलेल्या टॉवेलात गुंडाळलेली मुलगी घरभर फिरली, पोनिमानच्या मांडीवर विसावली आणि आईकडे परतली. वार पडल्याचे कळताच तुमिराने एकेक वस्तू पूर्ववत लावायला आरंभ केला. शेळी बांधली, डबा झाकला, कपाट लोटले. बॅगेच्या वाटेला मात्र ती गेली नाही.

"आई, रागावलीस?"

तुमिरा भिंतीशी बसून अंबाडा घालीत होती. दातांत धरलेला आकडा तिने काढला नाही. नुसती नकारार्थी मान हलवली.

"उद्याची गाडी रिकामी परतेल आता."

या वेळी मान होकारार्थी हलली.

"मग एवढं बजावत का होतीस, हात लावू नकोस म्हणून? सगळं घर उघडलंस, आणि तेवढीच सोडलीस."

तुमिराने आकडा दातांतून काढला, केसांत खोवला आणि तो नीट बसला की नाही हे हाताने चाचपून पाहिले.

"तू ती भरलीस ना, त्या दिवसापासून मला ती उघडायची होती," ती म्हणाली. "म्हणून म्हटलं, लासमीचं निमित्त करून तुला अडवायला नको."