दाराकडची जागा

माझा जोडीदार हणमंता जेवायला थांबला नसता, तर बर्फ पडायच्या आत आमचा ट्रक घाट उतरला असता. हे मी त्याला सकाळपासून ऐकवत होतो. आता पुढं रस्ता बंद, मागं गाड्यांची रांग, आणि ट्रकमध्ये काश्मीरहून राजस्थानात मोहरीच्या फुलांवर निघालेल्या मधमाश्यांच्या पेट्या.

“मेल्या असतील सगळ्या,” मी म्हणालो. माश्यांचे मालक अहदचाचा आमच्याबरोबरच होते. ते मला मागं घेऊन गेले आणि एका पेटीला कान लावायला सांगितलं. आत बारीक गुणगुण चालू होती.

“शेगडी नाही, काही नाही, मग जगतात कशा?”

चाचांनी मूठ आवळून दाखवली. थंडीत सगळ्या अशा एकमेकींना चिकटून बसतात, म्हणाले. अंग थरथरवून ऊब करतात. कडेच्या गारठल्या की आत सरकतात, मग आतल्या माश्या कडेला येतात.

“पण कडेला कुणी जायचं, हे ठरवतं कोण?”

“इतकी वर्षं पाळतोय, मलाही कळलेलं नाही,” चाचा हसले.

हणमंता केबिनमध्येच होता, त्यानं यातलं काही ऐकलं नव्हतं. डिझेल वाचवायला इंजिन बंद ठेवलेलं. तिघं एका घोंगडीत बसलो, हणमंता मधे. माझ्या बाजूच्या दाराच्या फटीतून वारा थेट खांद्यात घुसत होता. मी खांदा चोळत होतो. एवढ्यात हणमंतानं मला कोपरानं ढोसलं.

“सरक मधी. दाराकडं आता मी बसतो.”