पंचक संपेपर्यंत

“शिवानंद, आईला आज गावाकडं हलवा,” घरमालक धनाजी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. आत जायचा त्याला धीर होत नव्हता.

खोलीत हरणाबाई गोधडीवर निपचित पडल्या होत्या. तोंडात घातलेलं पाणी ओठांच्या कडेनं बाहेर येत होतं. डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते. सून महादेवी ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसत बसली होती.

मरणाला धनाजीची हरकत नव्हती. हरकत होती ती पंचकाला. पाच दिवसांचा तो अशुभ काळ कालच लागला होता. पंचकात ज्या घरात माणूस जातं ते घर काही महिने सोडायचं, नाहीतर मागोमाग आणखी माणसं जातात, असं मुरुममध्ये घरोघर मानतात. धनाजी शिकलेला, तो मानत नव्हता. पण भाडेकरू मानत होते, आणि भाडं तेच देत होते.

कर्ज काढून त्यानं घरामागं ओळीनं खोल्या बांधल्या होत्या. भाड्यातून बँकेचा हप्ता जायचा, वर चार पैसे उरायचे. या खोल्यांच्या जिवावर आता उमरगा रस्त्याला दुसरी इमारत उठवायची होती. जागेचा इसार देऊन झाला होता. खोल्या खरंच भरलेल्या आहेत का, ते बघायला सोमवारी बँकेचे साहेब येणार होते. एका खोलीत मयत झाली की बाकीच्यांनी लगोलग बिऱ्हाडं हलवली असती. मग नवं कर्ज राहिलं बाजूला, जुन्याच्या हप्त्यालाच बायकोचे दागिने मोडावे लागले असते.

“मालक, गावात आमचं घर पडलंय,” शिवानंद म्हणाला. “भिंती हायत, वर पत्रा न्हाय. कुठं ठिवू मायला?”

“भावकी हाय की. पंचक संपेपर्यंत कुणीबी ठिवून घील. या महिन्याचं भाडं देऊ नका. टेम्पोचं म्या बघतो.”

“आन् वाटंतच काय झालं तर?”

वाटेत झालं तर कुणाच्याच घराला पंचक लागणार नव्हतं, हे धनाजीच्या मनात केव्हाच येऊन गेलं होतं. त्याची त्यालाच लाज वाटली. पण टेम्पोवाल्याला फोन त्यानंच लावला.

दुपारी टेम्पो आला. शिवानंदनं आईला लेकरासारखं उचलून आणलं. शेजारचे भाडेकरू दारादारांत उभे होते. कुणी अडवलं नाही, कुणी पुढंही आलं नाही. महादेवी रडत म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. धनाजीनं ड्रायव्हरच्या हातात पैसे ठेवले आणि गाडी सावकाश न्यायला सांगितलं. त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. सोमवार आता निभावणार होता.

तेवढ्यात पुढच्या घरातून त्याची आई, मथुराबाई, बाहेर आली. हरणाबाईंच्याच वयाची. रोज दुपारी दोघी एकत्र पान खायच्या. गुडघ्यावर हात टेकत ती टेम्पोपाशी आली. काखेत लुगड्यांचं गाठोडं होतं. तिनं ते आत सरकवलं आणि वर चढायला शिवानंदपुढं हात केला.

“माय, तू कुठं निघालीस?” धनाजी धावतच आला. “तुला काय झालंय? चांगली धडधाकट हायस की!”

“आज हाय बाबा. पर पंचक तर दर म्हैन्याला येतंय.” मथुराबाई हरणाबाईंच्या पायांशी बसली. त्यांच्या अंगावरचं पांघरूण तिनं नीट केलं आणि लेकाला समजूत घालावी तशी म्हणाली, “माझ्यासाठी आनि येगळा टेम्पो कशाला सांगतूस? एकाच खेपंत दोघीबी जातो.”