दहा डोसांची कुपी

दोन-दोन हातमोजे. कोपऱ्यातली खाट. लांबून सरकवलेलं ताट. आयाबाईंच्या नाकावरचा पदर. फ्रिजातलं श्रीखंड.

श्रीखंड डॉक्टरांचं होतं. बाकी सगळं सुगंधाच्या वाट्याचं, कारण तिच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला होता. दवाखान्याचे नियमच असतील, म्हणून तिनं मनाला लावून घेतलं नव्हतं. सकाळी तिला मुलगी झाली.

"डॉक्टरसाहेब, बाळाला आजच लस टोचायची ना? नाहीतर माझा आजार तिला लागेल."

"एका पोरीसाठी दहा डोसांची कुपी उघडू? उरलेले काय तुझ्या सासूला टोचू?" लसीच्या कुप्या बाजूला सारून डॉक्टरांनी फ्रिजातून श्रीखंड काढलं आणि बोट चाटलं. "अजून चार बाळं जन्मू देत. मग बघू."

त्याच चिकट बोटानं ते बाळाचा गाल कुरवाळायला वाकले. सुगंधानं त्यांचा हात झटकला.

"लांब व्हा. आधी हात धुऊन या."

चार बाळं जमेपर्यंत आठवडा गेला. मुलीला आजार लागला, तो कायमचा.

उघडलेली कुपी फ्रिजात चार आठवडे वापरता येते.