नवी बॅटरी

१९५४ साली मुलुंडच्या शरच्चंद्र वकिलांच्या मोटारीची बॅटरी पाच वर्षं वापरून पार थकली होती. रोज सकाळी शेजारचे नंदकिशोर आणि मार्तंडराव गाडीला धक्का मारायचे, आणि ती सुरू झाली की धापा टाकत आत बसून गप्पा झोडत स्टेशनपर्यंत जायचे.

शेवटी वकिलांनी नवी बॅटरी बसवली. मेकॅनिक दत्तारामने बजावलं, "साहेब, पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर बघत जा, टर्मिनलला व्हॅसलीन लावा. चार वर्षं हिच्याकडे बघायला नको."

दुसऱ्या दिवशी गाडी एका झटक्यात सुरू झाली. वकील म्हणाले, "या, बसा ना!"

"छे हो! धक्का न मारता फुकटचं कसं बसायचं?" म्हणत दोघंही चालायला लागले. आठवडाभर हेच. मागची सीट रिकामी घेऊन वकील गुमान कोर्टात जायचे.

सोमवारी मात्र गाडी हूं की चूं करेना.

"नव्या बॅटरीची आठवड्यात वाट लागली?" म्हणत दोघं धावत आले. धक्का मारला, हक्काने आत बसले, आणि गाडी पुन्हा हसत-खिदळत स्टेशनकडे निघाली.

वकिलांच्या पत्नी मृणालिनीबाई गॅलरीतून हे बघत होत्या. आदल्या संध्याकाळीच त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, "अहो, गाडीचे दिवे चालू राहिलेत."

"राहू देत गं. उद्या मंडळींना बसवायचंय."